बिलासपूर जिंकलं त्या दिवशी

रव्याचे लाडू वळता वळता सुजाताचे खांदे भरून आले होते. उद्या लेकीचं, दीक्षाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. दुर्गहून नवऱ्यामुलाकडची माणसं यायची होती, बुद्धविहाराचा हॉल ठरला होता, खुर्च्यावाल्याला अजून कोणी फोन केलेला नव्हता, आणि घरातले दोघं पुरुष सकाळीच उठून बिलासपूरला फुटबॉलची मॅच पाहायला गेले होते. नवरा प्रताप आणि धाकटा दीर प्रफुल्ल. निघताना प्रताप म्हणाला होता, "अंधार पडायच्या आत येतो." लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून ती हेच ऐकत आली होती.

साक्षगंधासाठी गोंदियाहून आलेली नणंद मीराबाई पाटावर बसली होती. तिचे हात कमी आणि तोंड जास्त चालत होतं. दीक्षानं मोबाईल खिडकीच्या गजाला टेकवून ठेवला होता आणि मेंदीची बोटं वर धरून ती मॅच पाहत होती.

"गोल!"

दीक्षा उडी मारून उठली, दोन्ही हात वर. मग तिला आईचा चेहरा दिसला आणि हात हळूहळू खाली आले.

"कोनाचा?" सुजातानं विचारलं.

"आपला. समताचा. वरदनं हेडर मारला."

"आन समोरच्या गोलात कोन होता?"

दीक्षा पुन्हा मोबाईलकडे वळली. ते तिघींनाही ठाऊक होतं. बिलासपूरच्या अरपा युनायटेडच्या गोलात यशदीप उभा होता. दीक्षाचा मोठा भाऊ, सुजाताचा थोरला.

"जितली का वो?" मीराबाईनं लाडू परातीत ठेवून दिला. "बिलासपुरात जितली? माह्या बापाची टीम?"

"अजून दस मिनट आहे, आत्या."

समता स्पोर्टिंग ही खरंच मीराबाईच्या आणि प्रतापच्या बापाची टीम होती. नत्थू भंडारा भागातून रेल्वेच्या वॅगन कारखान्यात कामाला आला आणि ड्यूटीवरच्या चार पोरांना धरून त्यानं ती उभी केली. तो गेला, प्रताप सेक्रेटरी झाला. यशदीप लहानपणापासून तिचा गोलकीपर. दोन वर्षांमागं एका मॅचमध्ये त्यानं कॉर्नरवरचे गोल खाल्ले तेव्हा प्रतापनं भर ग्राउंडवर सगळ्यांच्या देखत त्याला सांगितलं होतं, "उंच चेंडू तुह्या हातचा नाही. उद्यापासून तू बसशील." यशदीपनं ग्लोव्ह्ज तिथंच काढले. महिन्याभरात तो बिलासपूरला गेला. तिथल्या टीमनं त्याला पगार दिला, टीमच्या मालकानं आपल्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात नोकरी दिली. आईला तो रोज फोन करायचा. बापाची खुशाली आईकडूनच विचारायचा.

बाहेर रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या त्यांच्या गल्लीत कुणीतरी फटाक्याची लड लावली.

"जितली," दीक्षा हळू आवाजात म्हणाली.

सुजातानं परातीवर कापड झाकलं. जिंकलेलेही तिचेच होते आणि हरलेलाही तिचाच होता, आणि रात्री दोघांना एका पंगतीला वाढायचं होतं.

*

रायपूरच्या वाटेवर सिमगा गाव मागं टाकल्यावर समताच्या लोकांची गाडी चहाला थांबली. बिलासपूर सुटेपर्यंत गाडीत नुसता दंगा होता. आता अर्धी माणसं एकमेकांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती, तोंडावरचा निळा रंग घामानं गळ्यापर्यंत उतरला होता. कोणाचाच घसा शिल्लक नव्हता.

प्रताप खाली उतरला. त्याला तो गोल पुन्हा पुन्हा दिसत होता. कॉर्नर आला, चेंडू उंच होता, यशदीप पुढं आला, पण थोडा उशिरा. त्याचे हात वर गेले आणि चेंडू बोटांवरून निघून गेला. वरदचं डोकं तिथं होतंच. भोवतालची सगळी माणसं उठली, तसा प्रतापही उठला. तोही ओरडला. नुसता ओरडला नाही, शेजारच्याला मिठी मारून नाचला. समतानं बिलासपुरात शेवटचं कधी जिंकलं होतं ते त्याला आठवतसुद्धा नव्हतं. नाचून झाल्यावर त्यानं गोलकडे पाहिलं. यशदीप खांबाला पाठ लावून बसला होता. आपलं दोन वर्षांमागचं बोलणं खरं ठरलं हे प्रतापला त्या क्षणी कळलं.

शिट्टी वाजल्यावर तो मैदानात उतरला आणि सरळ गोलपाशी गेला. पोराला दंडाला धरून उठवलं आणि छातीशी घेतलं. यशदीपनं त्याला ढकललं नाही. तेवढंच.

"भाऊ, हे पाहा." प्रफुल्ल चहाचा कप सांभाळत मोबाईल घेऊन आला. धाकटा भाऊ रायपूरच्या मंत्रालयात क्लार्क होता, पण समताचं मोबाईलवरचं पान तोच चालवायचा. "तुमचा व्हिडिओ. आग लागली, आग. पूर्ण रायपूरनं पाह्यला."

व्हिडिओत प्रताप यशदीपला मिठी मारत होता. खाली प्रफुल्लनं लिहिलं होतं, 'घर का लड़का काम आया.'

"हे काय लिहिलं बे?"

"मजाक होय, भाऊ. लोकं हसून राहिले."

"काढ थे."

"आता काढून काय होते? सगळ्यायनं पुढं ढकलला. बिलासपूरवाल्यायनंही."

"त्यायनं काय लिहिलं?"

प्रफुल्ल चहा पीत राहिला. प्रतापनं त्याच्या हातातून मोबाईल घेतला. तोच व्हिडिओ होता, तीच मिठी. खाली दोनच शब्द, 'बिक गया.'

प्रतापचा स्वतःचा फोन तेव्हाच वाजला. अरपाचे कोच श्यामराव होते. मूळचे तुमसरचे, रेल्वेतून रिटायर झालेले, जुनी ओळख.

"जय भीम, प्रतापराव. अभिनंदन म्हनतो आधी."

"जय भीम. बोला."

"तुमचा व्हिडिओ कमिटीनं पाह्यला. पोट्ट्याले ग्राउंडवरूनच जा म्हनलं. मालक म्हनते, बापाच्या टीमसाठी मॅच सोडली. नोकरी तं गेलीच समजा."

"श्यामराव, तुमी गोल पाह्यला ना?"

"पाह्यला. पन मी कोच आहो, मालक नाही. आज सांजच्याले बैठक हाय. राज्य असोसिएशनकडं तक्रार द्यायची म्हनून राहिले. तक्रार गेली तं पोट्टा कोनाकडूनच खेळू शकनार नाही. अन बेइमान म्हनून नाव होईन थे वेगळंच." श्यामराव थोडं थांबले. "तुमाले काही सांगायचं असंल तं बैठकीच्या वक्ताले फोन करा. मी सगळ्यायले ऐकवतो."

फोन ठेवून प्रताप गाडीत चढला तेव्हा मागच्या सीटवरून कुणीतरी बसक्या आवाजात ओरडलं, "सेक्रेटरी साहब, आज तो यशदीप भैया को हार पहनाएँगे!"

झोपलेले जागे झाले. सगळी गाडी हसली. ते कुत्सित हसणं नव्हतं. प्रतापनं त्यांचे चेहरे पाहिले. या माणसांना खरंच वाटत होतं की यशदीपनं चेंडू सोडला, आणि त्याबद्दल त्यांना तो फार आवडायला लागला होता.

*

दीक्षाला फोनवर भावाचा आवाज ऐकू आला, "स्टेशन पर हूँ. आ रहा हूँ." एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला.

तोवर गल्लीत धुमाल, ढोलवाल्यांची टोळी, येऊन उभी राहिली होती. समताच्या पोरांनी बूढापाऱ्यातल्या क्लबच्या खोलीपासूनच ती वाजवत आणली होती. ढोलांच्या आवाजानं खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. दुकानदार शटर अर्धं ओढून नाच पाहत होते, स्कूटरवाले हॉर्न वाजवून थकले होते. गाडीतून आलेले प्रताप आणि प्रफुल्ल त्या गर्दीतून कसेबसे जिन्यापर्यंत पोचले. प्रतापला दोनदा उचललं, दोनदा खाली ठेवलं. वर आल्याबरोबर त्यानं सुजाताला श्यामरावांचा फोन सांगितला. दीक्षानं ते स्वयंपाकघराच्या दारातून ऐकलं आणि ती चपला घालून खाली धावली.

ऑटो गल्लीच्या तोंडाशीच थांबला. यशदीप उतरला, खांद्यावर बॅग, डाव्या हाताच्या करंगळीला पांढरी पट्टी. क्षणभर त्याला धुमाल कशासाठी ते कळलं नसावं. उद्याच्या कार्यक्रमाची असेल असं वाटून तो थोडा हसलासुद्धा. मग पोरांनी त्याला पाहिलं.

"यशदीप भैया! यशदीप भैया!"

झेंडूचा हार त्याच्या गळ्यात पडला. कपाळाला, गालांना गुलाल लागला. एकजण त्याच्या पाया पडायला वाकला. यशदीप तसाच उभा होता. त्यानं हार काढला नाही, हात झटकले नाहीत. फक्त जवळच्या एका पोराच्या कानाशी वाकून काहीतरी बोलला. तो पोरगा खदखदा हसला आणि त्यानं यशदीपच्या पाठीवर जोरात थाप मारली.

दीक्षानं गर्दीत घुसून भावाचा हात धरला आणि त्याला ओढत जिन्यात नेलं. जिन्यात अंधार होता. ढोलाचा आवाज भिंतींतून येत होता.

"भैया, उसको क्या बोला तुमने?"

"बोला, मैंने छोड़ा नहीं." यशदीपनं हार काढून कठड्यावर ठेवला. "हँसने लगा."

दीक्षाला राहवलं नाही. "गोल पे मैं भी चिल्लाई थी. मोबाइल पे. आई के सामने."

"मालूम है," तो म्हणाला. "तू नहीं चिल्लाएगी तो कौन चिल्लाएगा."

तो इतक्या साधेपणानं बोलला की तिला रडू आलं. त्यानं आपल्या बाहीनं तिचे डोळे पुसले. तिच्या गालावर गुलाल लागला.

*

वर घराच्या हॉलमध्ये येताच मीराबाईनं भाच्याचा चेहरा दोन्ही हातांत घेतला.

"माह्या बापाचं नाव राखलं लेकरा तू. वरून पाहत असंल बुढा."

"आत्या, मैंने कुछ नहीं..."

"मले नको सांगू. बापाची टीम होय, आजाची टीम होय. घरासाठी केलं. त्यात लाज कायची?"

"ताई, जरा थांबा," सुजाता म्हणाली. पदराला हात पुसत ती पुढं आली आणि यशदीपसमोर उभी राहिली. दोन महिन्यांनी पाहत होती ती त्याला. गालाची हाडं वर आली होती. "मले एकच सांग. सोडला का रे?"

घरात तो बहिणीशी हिंदीत बोलायचा, आत्याला हिंदीत उत्तर द्यायचा. आईला त्यानं मराठीत सांगितलं.

"नाही आई. नाही सोडला."

"मंग झालं." ती वळली. "हातपाय धू. चहा ठेवते."

सुजाताच्या दृष्टीनं विषय तिथं संपला होता. पण तिनं गॅस पेटवला तेव्हा तिला दिसलं की हॉलमध्ये कोणीच उठलेलं नाही. प्रताप भिंतीकडच्या खुर्चीत बसला होता, शर्टावर निळा रंग तसाच. त्यानं श्यामरावांची बैठक, तक्रार, सगळं यशदीपला सांगितलं. यशदीप खाली पाहत ऐकत होता. नोकरीचं त्याला आधीच कळलं होतं. तक्रारीचं नव्हतं.

"असं करू," प्रफुल्ल म्हणाला. त्याच्याच व्हिडिओनं हे झालं हे त्याला माहीत होतं आणि म्हणून तो इतरांपेक्षा जास्त घाईत होता. "ताप होता म्हनू. पोट्ट्याले ताप होता, तरी खेळला. माह्या ओळखीचा डॉक्टर हाय, लिहून देते. बिमार मानसाच्या हातून चेंडू सुटते. कोन काय म्हननार?"

"काका ठीक बोल रहे हैं," दीक्षा म्हणाली. "आज की रात निकल जाए बस. कल वो लोग आएँगे, और यहाँ सब यही बात करते बैठेंगे..."

"तुह्या साक्षगंधासाठी भावाले आजारी पाडतं का?" सुजाता स्वयंपाकघरातून म्हणाली.

"आई, मैंने ऐसा नहीं बोला."

"तेच बोलली तू."

दीक्षाचा चेहरा लाल झाला. सुजाताला लगेच वाईट वाटलं, पण बोलणं मागे घ्यायला तिच्यात त्राण नव्हतं. सकाळपासून तिनं पाठ टेकली नव्हती.

"तापाचं कोनी मानत नाही," प्रताप म्हणाला. "मॅचच्या आधी सगळ्यायनं त्याले पळतानी पाह्यला. खोटं बोललो तं उलटं होईन. म्हनतीन, पाहा, आता डॉक्टरही आनला."

"मंग काय करतं? तूच सांग," मीराबाई म्हणाली.

प्रतापनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "खरं हाय थे सांगू. असा गोल त्यानं आमच्याकडूनही खाल्ला. याच कारनानं मी त्याले काढला होता. सेक्रेटरीनं आपल्याच पोराले काढलं, हे बिलासपुरातही लोकायले मालूम हाय. तेच सांगतो. मानतीन."

चहाचं पातेलं खाली ठेवून सुजाता बाहेर आली.

"पुन्हा?" ती म्हणाली. "एकदा बोलले ना तुमी. भर ग्राउंडवर. तवा पोट्टा घर सोडून गेला. दोन साल झाले, बाप-लेकाचे ताटं एकत्र नाई वाढले मी. आता फोन लावून अख्ख्या बिलासपूरले सांगता?"

"सुजाता, दुसरं काय सांगू मी?"

"काही नका सांगू! राहू द्या तसंच. फुटबॉल नाई खेळला तं मरत नाही कोनी."

"वहिनी, बेइमान म्हनतीन त्याले," प्रफुल्ल म्हणाला.

"म्हनू दे! चार दिस म्हनतीन." पण बोलता बोलताच तिचा आवाज पडला. चार दिवसांत हे विसरलं जाणार नाही, हे तिलाही कळत होतं. तिनं दाराच्या चौकटीला टेकून डोळे मिटले.

मीराबाई आता भावाकडे वळली. मघाचा अभिमान तिच्या चेहऱ्यावरून गेला होता. "बाप होऊन पोराच्या हाताले नाव ठेवतं, प्रताप? त्यापेक्षा बापासाठी केलं म्हनू दे लोकायले. त्यात तरी इज्जत हाय."

"आत्या," यशदीप म्हणाला, "तो खुद को चोर कहलवा लूँ?"

खालची धुमाल एवढ्यात थांबली होती. पोरं कुठल्यातरी टपरीवर पाणी प्यायला गेली असावीत. मीराबाई पुन्हा पाटावर जाऊन बसली.

दीक्षा भावाच्या शेजारी जाऊन बसली. "भैया, मैं गलत बोली," ती म्हणाली. "कल का कल देखेंगे. वो लोग पूछेंगे तो मैं बता दूँगी, सब. जिसको नहीं जमेगा, वो जाए."

यशदीपनं मान हलवली, पण तो बापाकडे पाहत होता. दोन वर्षांनी पहिल्यांदा तो त्याच्याशी सरळ बोलला, आणि मराठीत.

"बाबा, एक सांगा. खरं सांगा. दोन वर्षांत काही फरक पडला की नाही?"

प्रतापनं वर पाहिलं. या प्रश्नाला तो भीत होता, मघापासून नव्हे, बिलासपुरात गोलपाशी उभा होता तेव्हापासून.

"पडला," तो म्हणाला. "जमिनीवरचे चेंडू तू आता फार छान घेतं. समोरून आलेल्या मानसाले आडवा जातं, थे मले कधीच नाई जमलं, तुह्या आजालेही नाई जमलं असंल. मेहनत दिसते. कोनालेही दिसंल."

"आणि उंच?"

प्रताप शर्टावरचा निळा रंग नखानं खरवडू लागला.

"उंच नाही," यशदीपच म्हणाला.

"नाही बेटा."

यशदीप खूप वेळ पट्टीची करंगळी दाबत बसला. सुजाता चौकटीतून पाहत होती. पुढं जाऊन त्याला जवळ घ्यावं असं तिला वाटलं, आणि आपण जवळ गेलो तर तो मोडेल असंही वाटलं. ती गेली नाही.

"लावा फोन," यशदीप म्हणाला.

"तू आत जाऊन बस तं मी..."

"नाही. मी इथंच बसतो."

*

श्यामरावांनी पहिल्याच रिंगला फोन उचलला. पलीकडे खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला, कुणीतरी खोकलं. "बोला प्रतापराव, सगळे ऐकून राहिले."

प्रतापनं फोन समोरच्या स्टुलावर ठेवला. भर ग्राउंडवर हे सगळं दोन वर्षांमागं तो एका दमात बोलून गेला होता. तेव्हा आपला आवाज किती ठाम होता हे त्याला आठवलं आणि त्याची लाज वाटली. त्यानं हिंदीत सुरुवात केली, जमेना, मग तो मराठीत बोलू लागला. श्यामराव मधूनमधून इतरांना समजावून सांगत होते.

"मी प्रताप. समताचा सेक्रेटरी. यशदीपचा बाप. माह्या पोरानं चेंडू सोडला नाही. कॉर्नर उंच आला की तो थबकते. चेंडू कुठं उतरंल हे त्याले उशिरा समजते. लहान होता तवापासून हाय. लय घोकून घेतलं त्याच्याकडून, पहाटे उठवून उठवून. त्याची मेहनत कमी नाही. नजरेचं होय थे. दोन वर्षांमागं मी त्याले याचसाठी टीममधून काढला. आमचे लोकं म्हनत होते राहू द्या, सेक्रेटरीचा पोरगा हाय. मी नाई ठेवला. तवा मी चांगला हाओ, खेळनं नाही सोडत म्हनून जो घर सोडून गेला, तो आज पैशासाठी नाई तं बापासाठी चेंडू सोडंल का? तो तुमच्यासाठी जितायले उतरला होता. तो बेइमान नाही. तो..."

प्रतापनं फोनवरची नजर उचलून पोराकडे पाहिलं.

"तो तेवढा चांगला गोलकीपर नाही," यशदीप फोनकडे वाकून म्हणाला. मग त्यानं तेच हिंदीत सांगितलं, पलीकडच्या लोकांना नीट कळावं म्हणून. "सर, मैं यशदीप. मुझसे ऊपर की बॉल नहीं होती. आज भी नहीं हुई. बस इतना है."

पलीकडून एक जाड आवाज आला. मालकाचा असावा. "तो दो साल से हम लोग इसी को खिला रहे थे?" कुणीतरी हसलं. पण राग ओसरल्याचं त्या हसण्यातूनच कळलं. थोडा वेळ आपसात कुजबुज झाली.

मग श्यामराव पुन्हा फोनवर आले. स्पीकर बंद केल्यासारखा त्यांचा आवाज जवळ आला. "तक्रार जात नाही, प्रतापराव. मिटलं थे. यशदीप, ऐकतं का बेटा? खोलीवरचं सामान न्यायले ये एखाद दिवशी. मी असतो घरी. जेवूनच जा."

"हव, सर," यशदीप म्हणाला.

फोन बंद झाला. प्रफुल्ल उठला आणि खाली गेला. बऱ्याच वेळानं वर आला तेव्हा त्याच्या केसांत झेंडूच्या पाकळ्या होत्या. "सांगितलं सगळ्यायले," तो म्हणाला. "पोट्ट्यानं सोडला नाही म्हनून सांगितलं. कोनीच मानत नाही. म्हनते, काका, आपको तो ये बोलना ही पड़ेगा." तो मीराबाईशेजारी पाटावर बसला आणि त्यानं मोबाईलवरचा व्हिडिओ काढून टाकला. त्याचा काही उपयोग नव्हता. सगळ्यांना ते माहीत होतं.

सुजातानं ताटं वाढली. भाजी तिखट झाली होती. यशदीप जेवला, दोनदा भात घेतला. प्रतापच्या ताटातली पोळी तशीच राहिली.

*

जेवणानंतर प्रताप गच्चीवर गेला. थंडी पडायला लागली होती. खुर्च्यावाल्याशी फोनवर बोलून झालं तरी तो फोन हातात धरून उभा राहिला. मागून यशदीप आला आणि पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसला. प्रतापही थोड्या अंतरावर बसला. बूढातळ्याकडून पोरांच्या आरोळ्या येत होत्या, थकलेल्या, तुटक.

"टीम चांगली खेळली, बाबा," यशदीप म्हणाला.

"हव. वरद पळला आज."

"मिडफिल्डही. आमच्या पोरांना चेंडूच नाही भेटला दुसऱ्या हाफात."

"तुमचा डावीकडचा बॅक कमजोर हाय."

"हव. मी सांगत होतो त्यांना."

असं मॅचबद्दल बोलणं त्यांचं फार दिवसांत झालेलं नव्हतं. मग यशदीपनं विचारलं, "पहिल्या हाफात वरद एकटाच आला होता माझ्यावर. पायात झेप घेतली मी. ते पाहिलं का तुम्ही?"

"पाह्यलं."

"तिथून दिसलं असेल नीट?"

"दिसलं." प्रताप खाली रस्त्याकडे पाहत म्हणाला, "टाळ्या वाजवल्या मी."

"आपल्या लोकांत बसून? आपला गोल अडवला म्हणून?"

"उभा राहून. ध्यानातच नाई आलं. आजूबाजूले पाह्यलं तं सगळे माह्याकडं पाहून राहिले होते. शिव्या पडल्या."

"कोणी दिल्या?"

"सुरुवात तुह्या काकानं केली."

यशदीप हसला. खांदे हलवत, आवाज न करता हसला. हसता हसता त्यानं पट्टीचा हात तोंडावर ठेवला, आणि मग तो हात त्यानं खाली घेतला नाही. त्याचे खांदे अजून हलत होते. प्रताप सरकून त्याच्याजवळ बसला. खालून सुजातानं दोघांना हाक मारली, एकदा, मग दुसऱ्यांदा. प्रतापनं ओ दिली नाही. पोराच्या पाठीवर हात ठेवून तो तसाच बसून राहिला.